तापलेला ट्रेनर, फुगलेले वॉट

उकाड्यात सलग २०० वॉटने पॅडल मारत राहिले की तिसाव्या मिनिटाला हृदयाचे ठोके दहाव्या मिनिटापेक्षा वर असतात. घाम जातो, रक्त कातडीकडे वळते, तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त पळावे लागते. आमच्याकडे आलेल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात जागेवर चालवायच्या यंत्रावर, उलटे होत होते. पडद्यावर २०० चा आकडा खिळा ठोकल्यासारखा स्थिर, आणि ठोके मात्र हळूहळू उतरत होते. त्याच सुमारास फ्लायव्हीलजवळच्या, म्हणजे ट्रेनरमधल्या जड चाकाजवळच्या, झाकणाला हात लावला तर चटका बसायचा, आणि पाऊण तासाने ब्रेक एकदम सैल पडायचा. तक्रार दोन दुखण्यांची होती: ट्रेनर तापतो आणि आकडा चुकतो. मोजून, उघडून, दुरुस्त करून झाल्यावर सांगता येते की मोठे दुखणे एकच होते, आणि दुसऱ्या लहान दुखण्याने त्याला बरेच दिवस झाकून ठेवले होते.

ट्रेनर डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारचा. म्हणजे सायकलचे मागचे चाक काढायचे आणि चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचावर, चढवायची. कॅसेटकडून पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, फ्लायव्हील फिरते आणि त्याला विद्युतचुंबकाच्या कॉइल रोखतात. वॉरंटी संपलेली होती म्हणूनच उघडला. वॉरंटी असेल तर पुढे लिहिलेली मोजणी करून आकडे विक्रेत्याकडे पाठवावेत, स्क्रूला हात लावू नये.

उष्णता कुठून येते ते आधी पाहू, कारण बाकी सगळे त्यावरच उभे आहे. स्वाराने दिलेली जवळजवळ सगळी ऊर्जा ट्रेनरमध्ये उष्णता होऊन बसते. २०० वॉटने एक मिनिट म्हणजे १२,००० ज्यूल. पाच किलोच्या लोखंडी फ्लायव्हीलला एक अंश सेल्सिअसने तापायला साधारण २,२५० ज्यूल लागतात. म्हणजे वारा लागलाच नाही तर दर मिनिटाला पाच अंशांची वाढ. शरीराचा वाटा वेगळा. माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के, त्यामुळे पॅडलवर २०० वॉट पोचवताना शरीर आणखी ६०० ते ८०० वॉट उष्णता बाहेर टाकते. दार-खिडकी लावून बसलेल्या खोलीत दोन्ही मिळून हजार वॉटच्या हीटरच्या जवळपास जातात. ट्रेनरला थंड होण्यासाठी जी हवा हवी तीच तापत जाते.

आता ब्रेक. फ्लायव्हीलवर अ‍ॅल्युमिनियमचा भाग असतो. तो चुंबकांसमोरून फिरला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि तेच प्रवाह त्याला मागे खेचतात. अ‍ॅल्युमिनियम काय किंवा तांबे काय, एक अंश तापले की विद्युतरोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. ५० अंश तापले की २० टक्के. रोध वाढला की प्रवाह घटतो आणि ब्रेकची पकड त्या मानाने ढिली होते. या ट्रेनरमध्ये टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मोजणारा स्ट्रेन गेज नाही. फ्लायव्हीलचा वेग, कॉइलमधला करंट आणि तापमान या तिन्हींवरून, कारखान्यात भरलेल्या कोष्टकाच्या आधारे वॉट काढले जातात. तापमान खरे पोचले तर आतला सर्किट बोर्ड ढिलाईची वजावट करतो. तापमान कमी पोचले तर त्याला वाटते ब्रेक अजून घट्ट धरतो आहे, आणि तो जास्त वॉट दाखवतो. अर्ग मोडमध्ये, म्हणजे मागितलेले वॉट ट्रेनर स्वतः धरून ठेवतो त्या पद्धतीत, याचा परिणाम वाईट होतो. आकडा २०० वर धरून ठेवण्याचे काम ट्रेनर इमानाने करतो, पण त्या आकड्यामागचे खरे कष्ट कमी होत जातात. उतरणारे ठोके तेच सांगत होते.

दोन यंत्रे वेगवेगळे आकडे दाखवू लागली की चुकीचे कोणते हे आधी ठरवावे लागते. आमच्याकडे मापदंड म्हणून पॅडलमधला पॉवर मीटर होता, आणि त्याच्यावरही आम्ही आंधळा विश्वास ठेवला नाही. पॅडल खोलीत वीस मिनिटे ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावर शून्य केले. ॲपमध्ये क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, लांबी तपासली. १७० मिलिमीटरचा क्रँक असताना १७२.५ भरलेले राहिले तर तेवढ्यानेच दीड टक्का चूक होते. एकाच पायाचा मीटर असेल तर तो डाव्या पायाचे दुप्पट करून दाखवतो. पाय ४८–५२ असे चालत असतील तर चार टक्के तिथेच गेले. आमचा मीटर दोन्ही पायांचा होता.

त्यानंतर वजन टांगून तपासणी. मागचे चाक परत बसवून, सायकल घट्ट धरून, मागचा ब्रेक दाबून, क्रँक अगदी आडवा ठेवायचा आणि पॅडलच्या आसावर वजन लटकवायचे. २० किलो वजन, ०.१७ मीटर क्रँक आणि महाराष्ट्रात गुरुत्वाचे ९.७८ धरले तर टॉर्क ३३.२५ न्यूटन-मीटर यायला हवा. जिममधल्या तबकड्यांवर छापलेल्या किलोंवर विसंबू नये. त्यांत फरक असतो. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा किराणा दुकानात किंवा भंगारवाल्याकडे असतो, तिथे वजन करून आणावे. दोन्ही पॅडल एक टक्क्याच्या आत निघाले. मग पुढे गेलो.

पॅडल आणि ट्रेनर एकच आकडा दाखवतील ही अपेक्षाही चूक आहे. मध्ये चेन, कॅसेट, बेल्ट आणि बेअरिंग आहेत. स्वच्छ, तेल घातलेली चेन धरून दोन ते चार टक्के वाटेतच जातात. म्हणजे ट्रेनर २०० दाखवत असेल तर पॅडलने सुमारे २०५ दाखवावेत. पॅडल ट्रेनरपेक्षा कमी दाखवू लागले तर ते निसर्गनियमाला धरून नाही. दोघांपैकी एकाचे नक्की चुकते आहे.

नोंद दोन वेगळ्या यंत्रांवर केली. ट्रेनर ब्लूटूथने लॅपटॉपला आणि पॅडल अँट प्लस या बिनतारी जोडणीने सायकलच्या कॉम्प्युटरला. एकाच ॲपला दोन्ही जोडले तर ते नकळत पॅडलचा आकडा ट्रेनरच्या नावावर लिहू शकते, आणि मग दोन्ही रेषा सुंदर जुळतात आणि निदान फसते. सुरुवातीला आणि शेवटी पाच सेकंदांचे दोन जोरदार झटके मारले, म्हणजे दोन फायलींची वेळ नंतर जुळवता येते. जुळवणीसाठी गोल्डनचीता हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. अर्ग मोड आणि त्यातले आकडे गुळगुळीत करून दाखवणारी सोय, दोन्ही बंद केले. ती सोय चालू असेल तर ट्रेनर मोजलेले दाखवण्याऐवजी मागितलेलेच दाखवतो. ठरावीक रेझिस्टन्स, एकच गिअर, ९० कॅडन्स (मिनिटाला पॅडलच्या ९० फेऱ्या), पडद्यावर २०० धरून अर्धा तास. तुलना सेकंदासेकंदाची नाही, दोन-दोन मिनिटांच्या सरासरीची.

तिसऱ्या मिनिटाला पॅडल २११ वॉट दाखवत होते. दहाव्या मिनिटाला २०४. तिसाव्या मिनिटाला १८१.

या तीन आकड्यांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शेवटचा आकडा फुगवट्याचा पुरावा होता, पण पहिल्या आकड्यात उलट दिशेची चूक दिसत होती. थंड असताना वाटेत पाचऐवजी अकरा वॉट गडप होत होते. म्हणजे बेल्टच्या वाटेत कुठेतरी वाजवीपेक्षा जास्त घर्षण होते. तापमानाची चूक आकडा फुगवत होती, घर्षण आकडा दाबत होते, आणि दहाव्या मिनिटाच्या आसपास दोघांची फिटंफाट होऊन सगळे ठीक दिसत होते. हा ट्रेनर आधी दोनदा तपासून निर्दोष म्हणून परत आला होता. दहा मिनिटांच्या तपासणीत याहून वेगळे निघणे शक्यच नव्हते.

तापमान मोजताना एक फसगत टाळावी. इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर रोखली तर ती फार कमी तापमान दाखवते, कारण गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांनी फारशी सोडत नाही आणि गनला समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब दिसते. काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन सेंटिमीटरचा तुकडा फ्लायव्हीलच्या बाहेरच्या तोंडावर, आसाजवळ चिकटवला आणि थांबल्याक्षणी त्यावर गन रोखली. कॉइलसमोरून जाणाऱ्या भागावर टेप लावू नये. तिथली फट अगदी बारीक असते, टेप घासून गुंडाळली जाते. खोली ३३ अंश असताना तिसाव्या मिनिटाला फ्लायव्हील ८४ अंश होते.

उघडण्याआधी खोली सुधारली, कारण त्याला खर्च नाही. ट्रेनर भिंतीला चिकटून, जाड फोमच्या मॅटमध्ये रुतलेला होता आणि खालच्या जाळ्या मॅटने बंद झाल्या होत्या. त्याखाली कडक रबराची पातळ शीट टाकली, भिंतीपासून अर्धा मीटर बाहेर ओढला, आणि स्वारासाठीच्या पंख्याखेरीज दुसरा पंखा खास ट्रेनरसाठी लावला. आसाच्या उंचीवर, साठ सेंटिमीटर अंतरावर, फ्लायव्हीलच्या बाजूने, उघड्या दाराकडे हवा जाईल असा. विदर्भात कूलर लावायचा मोह होईल. कूलरची ओली हवा थेट ट्रेनरवर घेऊ नये, फ्लायव्हील गंजते. शिवाय बंद खोलीत दमटपणा वाढला की घाम वाळत नाही आणि स्वारच आधी तापतो.

एवढ्याने तिसाव्या मिनिटाचे तापमान ८४ वरून ७० वर आले, पॅडल १८१ वरून १८९ वर आले आणि ब्रेक सुटणे थांबले. बरेच जण इथे थांबतील. आमच्या मते थांबू नये. वाऱ्याने चूक लहान झाली होती, गेली नव्हती.

अडॅप्टर काढून पाच मिनिटे थांबलो, बोर्डावरचे कपॅसिटर रिकामे होऊ दिले. अडॅप्टर १२ व्होल्टचा, भाराखाली ११.८ देत होता, म्हणजे त्याच्याकडे पाहायचे कारण नव्हते. बाजूचे झाकण टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेले असते. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. काळी चिकट भुकटी सगळीकडे होती. ती बेल्टची. कोरड्या मऊ ब्रशने आणि हाताच्या ब्लोअरने झाडली. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर भुकटी बेअरिंगच्या सीलखाली शिरते.

बेल्टच्या रेघा काचेसारख्या चकाकत होत्या. हे घसरण्याचे लक्षण. ताण देणाऱ्या पुलीचे, म्हणजे आयडलरचे, बेअरिंग बोटाने फिरवले तर वाळूत फिरल्यासारखे लागले. हरवलेल्या सहा वॉटांची ही जागा. बेल्ट पॉली-व्ही, पीजे जातीचा, दोन रेघांत २.३४ मिलिमीटर अंतर. वॉशिंग मशीनमध्ये याच जातीचे बेल्ट असतात, त्यामुळे त्या दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करता येते. पण रेघांची संख्या आणि मिलिमीटरमधली लांबी दोन्ही जुन्या बेल्टवर छापल्याप्रमाणेच हवीत. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नंबर सांगितला की मिळते. नंबरापुढची अक्षरेही जुळवावीत. दोन्ही बाजूंना पत्र्याची ढाल असलेले झेडझेड बेअरिंग काढून रबरी सीलचे टू-आरएस बसवले तर सीलचे घर्षण वाढते.

बेल्टचा ताण अंदाजाने ठरवू नये. सैल राहिला तर घसरतो, फार ताणला तर नवे बेअरिंगही तापते. आम्ही आवाजावरून मोजला. नवा बेल्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि लांबीने भागले: दर मीटरला ०.०५ किलो. दोन पुलींमधला मोकळा भाग ०.२ मीटर. तो तारेसारखा छेडायचा आणि मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपने कंपनसंख्या वाचायची. ताण म्हणजे चार गुणिले दर मीटरचे वजन, गुणिले लांबीचा वर्ग, गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. ११० हर्ट्झला सुमारे ९७ न्यूटन होतात. फ्लायव्हील हाताने एक फेरी फिरवून पुन्हा छेडले, तीन ठिकाणी. जोर लावून कमी कॅडन्सवर उभे राहून मारले तरी बेल्ट किंचाळला नाही, तेव्हा आयडलरचा बोल्ट पक्का केला.

आता मुख्य चोर. तापमान मोजणारा थर्मिस्टर कॉइलच्या धारकाला चिकटवलेला असायला हवा होता. त्याचा गोंद वाळून सुटला होता आणि मण्याएवढा तो भाग तारेवर हवेत लोंबत होता. तो कॉइलचे नाही, झाकणाच्या आतल्या हवेचे तापमान सांगत होता. थर्मिस्टर स्वतः बिघडला आहे का हे पाहायला कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. २५ अंशांना १० किलोओमचा नेहमीचा प्रकार असेल तर ४० अंशांना साधारण ५.३ आणि ६० अंशांना २.५ किलोओम यावेत. गरम पाण्याच्या पेल्यात, प्लास्टिकच्या पिशवीत धरून दोन्ही पाहिले. बरोबर होते. तो खरे बोलत होता, चुकीच्या जागी बसून.

कॉइलचे खरे तापमान तिच्या स्वतःच्या रोधावरून काढता येते आणि त्याला वेगळे उपकरण लागत नाही. थंड असताना, खोली ३० अंश, कॉइल १० ओम. अर्धा तास चालवून लगेच वीज तोडून मोजली तर ११.९. तांब्यासाठी हिशेब असा: २३४.५ मध्ये थंड तापमान मिळवायचे, म्हणजे २६४.५. रोध १९ टक्के वाढला, म्हणजे २६४.५ चे १९ टक्के, सुमारे ५० अंशांची वाढ. कॉइल ८० अंशांवर होती. त्याच क्षणी थर्मिस्टर ५.२ किलोओम दाखवत होता, म्हणजे जेमतेम ४० अंश. चाळीस अंशांची ही तफावत सगळ्या फुगवट्याचे मूळ.

जुना गोंद खरवडून जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली आणि उष्णता वाहून नेणाऱ्या, पण वीज न वाहणाऱ्या इपॉक्सीने थर्मिस्टर चिकटवला. पुण्यात तपकीर गल्लीत असे साहित्य मिळते. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे चालत नाही. उष्णतेत तो कमकुवत होतो आणि वर्षभरात पुन्हा तेच होईल. थर आगपेटीच्या कागदाइतका पातळ हवा. जाड गोळा केला तर तापमान उशिरा पोचते आणि इंटरव्हलच्या सुरुवातीचे आकडे बिघडतात. तार प्लास्टिकच्या टायने बांधली, म्हणजे कंपनाने ओढ बसत नाही. चोवीस तास सुकू दिले.  

कॅलिब्रेशन सगळ्यात शेवटी, आणि ट्रेनर तापल्यावर. स्पिनडाउनमध्ये ठरावीक वेगापर्यंत, मॉडेलप्रमाणे ताशी ३० ते ३७ किलोमीटर, नेऊन पॅडल थांबवायचे असतात, आणि फ्लायव्हील थांबायला किती सेकंद लागतात त्यावरून ट्रेनर आतले घर्षण ओळखतो. थंड बेअरिंगमधले ग्रीस दाट असते. थंडपणी स्पिनडाउन केले तर ते जादा घर्षण कायमचे धरले जाते आणि नंतर आकडा काही वॉट फुगलेला राहतो. पंधरा मिनिटे १५० ते २०० वॉटने चालवून मग केले. तीनदा. तिन्ही वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत जुळले तेव्हा शेवटचे ठेवले.

त्याच खोलीत, त्याच पंख्यांसह, पडद्यावर २०० ठेवून पॅडल आता तिसऱ्या मिनिटाला २०७, दहाव्याला २०५, तिसाव्याला २०४. फ्लायव्हील ७१ अंशांवर गेले. ते होणारच, कारण आता तिसाव्या मिनिटाचे २०० वॉट खरे आहेत आणि उष्णताही तेवढीच खरी.

गिअरचा परिणामही मोजून पाहण्यासारखा आहे. अर्ग मोडमध्ये लहान चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळची लहान दातेरी चकती, लावून फ्लायव्हील हळू फिरवले तर तेवढ्याच वॉटसाठी कॉइलला जास्त करंट घ्यावा लागतो आणि झाकणाखाली हवाही कमी खेळते. मोठ्या चेनरिंगवर कॉइल थंड राहते. लांब, जड सत्रांना मोठे चेनरिंग वापरावे. मात्र शंभरेक वॉटच्या हलक्या टप्प्यांत मोठ्या गिअरवर काही ट्रेनर तेवढे खाली उतरू शकत नाहीत, तिथे लहानच बरे.

टायर रोलरवर टेकवणाऱ्या ट्रेनरची गोष्ट वेगळी. तिथे चुकीचा मोठा भाग टायरमध्येच असतो. हवेचा दाब दर वेळी सारखा भरा, रोड टायरला १०० पीएसआय असेल तर रोज १००, आणि रोलर टेकल्यावर नॉब किती फेऱ्या आवळली ते मोजून तेवढीच आवळा. चालू लागल्यावर टायर तापून दाब वाढतो, म्हणून तिथेही स्पिनडाउन दहा-पंधरा मिनिटांनंतरच. द्रव भरलेल्या ट्रेनरमध्ये तापल्यावर द्रव पातळ होतो. ॲप वेगावरून वॉट ठरवते, तो वेग आता कमी कष्टात येतो, आणि आकडा पुन्हा फुगतो. त्याला वारा देणे आणि आकडे पहिल्या पंधरा मिनिटांनंतर मोजायला घेणे, एवढेच हातात आहे.

ट्रेनर परत देताना झाकणाच्या आत कागद चिकटवला: तारीख, खोलीचे तापमान, कॉइलचा थंड रोध, बेल्टची कंपनसंख्या, स्पिनडाउनचे सेकंद. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून वीस तासांच्या वापरानंतर तो पुन्हा छेडून पाहायचा आणि ११० हर्ट्झच्या खाली उतरला असेल तर आयडलर सरकवायचा. स्पिनडाउनचे सेकंद त्याच तापमानाला दहा टक्क्यांनी घटले तर आधी बेअरिंग बोटाने फिरवून पाहायचे.